इनास मास्तरांचं मत

आमच्या पलतड वाडीत कोणाचं मत कोणाला गेलं, हे कळायला मोजणीची वाट बघावी लागत नाही. कोणाच्या ओटीवर कुठल्या पुढाऱ्याचं कॅलेंडर आहे, चतुर्थीला कोणाच्या गणपतीसमोर कोण येऊन हात जोडतो, बचत गटाच्या कार्यक्रमात कोणाच्या सुनेला पुढच्या खुर्चीवर बसवतात, एवढं पाहिलं की झालं. पूर्वी भाऊ वेगळे झाले की एका घराचे दोन पक्ष व्हायचे. आता पक्षच भावांसारखे वेगळे होतात, आणि आपण कोणाच्या वाट्याला आलो याचा विचार माणसं करत बसतात. तरी चार दिवसांत सगळ्यांचं ठरतं आणि सगळ्यांना सगळ्यांचं कळतं.

मी शिकून कणकवलीला हायस्कुलात नोकरीला लागलो, पण माझं मत अजून गावातच आहे. प्रत्येक निवडणुकीला मी घरी जातो आणि दर वेळी आधीपेक्षा थोडा जास्त दमून परत येतो. अशा वेळी मला इनास मास्तर आठवतात. अख्ख्या पलतडीत ज्याचं मत कोणालाच कधी कळलं नाही, असा तो एकच माणूस होता.

खाडीचा एक फाटा आमची वाडी मूळ गावापासून तोडतो. शाळा, दवाखाना, एस.टी.चा थांबा, मतदानाची खोली, सगळं पलीकडे, गावात. भरतीला होडी, ओहोटीला गुडघाभर चिखल. पावसाळ्यात पाणी फुगलं की होडीवाला देवाचं नाव घेऊन नकार देतो. वाडीला एक साकव हवा, म्हणजे माणसं आणि निदान एखादी रिक्षा जाईल एवढा छोटा पूल, ही मागणी माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची. वाडीत निम्मी घरं आमच्यासारखी भातशेती आणि काजू करणारी, बाकीची ख्रिस्ती. मास्तरांचं घर ख्रिस्ती आवाठाच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीच्या, टोकाला, खुरसाजवळ. खुरीस म्हणजे रस्त्याकडेचा पांढरा चुन्याचा क्रूस. पुढे एक ओटी, तिला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांची बसायची जागा, आणि त्या जागेवर पाय वर घेऊन बसलेले मास्तर. उंच, काळेसावळे, कायम थोडे वाकलेले. शाळेत जाताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला काखेत मारून ते चिखल तुडवत यायचे आणि शाळेच्या नळावर पाय धुऊन मगच वर्गात पाऊल टाकायचे. आम्हालाही तेच करायला लावायचे.

वाडीतला एकही पक्ष त्यांच्या ओटीवर कॅलेंडर लावू शकला नाही. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर आणि त्याखाली भरती-ओहोटीचा तक्ता. प्रचाराला कोणीही आलं तरी ते तेवढ्याच मायेनं बसवायचे. आनमारी मावशी, म्हणजे त्यांची बायको, सगळ्यांना सारखाच कोरा चहा द्यायची. पाहुणे उठताना विचारायचेच, "मास्तर, मग यंदा आमच्याकडे लक्ष ठेवा."

"लक्ष सगळ्यांकडेच आसा," मास्तर म्हणायचे. "माजे डोळे बरे आसत."

एका निवडणुकीत दोन्ही बाजूंच्या बायकांनी हळदीकुंकवं केली आणि दोन्हीकडे स्टीलचे डबे वाटले. ख्रिस्ती बायकांनाही बोलावणं होतं. आनमारी मावशी दोन्हीकडे जाऊन दोन्ही डबे घेऊन आली. एकात तिने मीठ भरलं, दुसऱ्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी. कुठल्या डब्यात मीठ आणि कुठल्यात सुंगटं यावरून वाडीतल्या लोकांनी मास्तरांचा कल काढायचा प्रयत्न केला. ते मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "माका इचारशात तर सुंगटांका मत."

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "मत म्हणजे आंगातली गंजी रे. आसता सगळ्यांच्या. म्हणान काय ती दाखवीत फिरूची?"

हे त्यांनी आम्हाला सातवीत शिकवलं. वर्गप्रमुख निवडायचा तर इतर गुरुजी हुशार मुलाकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. इनास मास्तरांनी दोन मुलं उभी केली, काळ्या फळ्यामागे एक मडकं ठेवलं आणि प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका आणि एक काजू बी दिली. एका मुलासाठी चिंचोका, दुसऱ्यासाठी काजू. एकेकाने फळ्यामागे जायचं, एक बी मडक्यात टाकायची, दुसरी खिशात ठेवायची. मोजणी झाली. जिंकलेला मुलगा माझा शेजारी होता. मी मधल्या सुट्टीत आनंदाने मास्तरांकडे गेलो आणि सांगू लागलो, "गुरुजी, मी त्येकाच..."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. "माका हल्ली आयकूक कमी येता," ते म्हणाले. "जा, पानी पी."

त्यांचा कान अगदी ठणठणीत होता. मागच्या बाकावर कोणी पेन्सिलीला टोक केलं तरी त्यांना ऐकू यायचं. त्या दिवशी वाईट वाटलं होतं. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की मोठ्या माणसानं माझी एखादी गोष्ट माझ्यापाशीच राहू द्यावी, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. आमच्या घरात कोणाचं काही खासगी नसायचं. एका खोलीत सगळे.

माझ्या घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेलं कोणी नव्हतं. दहावीनंतर वडील मला चिरेखाणीवर पाठवणार होते. मास्तर एका संध्याकाळी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन बसले. शिक्षणाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. भात कसं आलं, बैलाच्या पायाला काय झालं, हे विचारलं आणि उठता उठता वडिलांना म्हणाले, "फाल्या सकाळी ह्येका कणकवलीक घेवन जातंय. कपडे धुयलेले आसत मा?" वडिलांनी मान हलवली. कॉलेजच्या खिडकीपाशी मास्तर एकदम शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलायला लागले. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. एस.टी.त परत बसल्यावर म्हणाले, "घशाक कोरड पडली रे. पुण्याचो मानूस झालंय थोडो वेळ." माझ्या पदवीच्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी पेढा घेतला आणि विचारलं ते एवढंच, "मतदारांत नाव घातलंस?"

मास्तर नोकरीत असताना दर निवडणुकीला त्यांना ड्युटी लागायची, ती बहुतेक आतल्या गावांत. रात्रभर शाळेच्या बाकावर डास मारत पडून परत आले की दोन दिवस पाठ धरलेली असायची. एकदा वालावलच्या बाजूला ड्युटी होती. तिथे एका म्हातारीनं मतदानाच्या यंत्राला हळद-कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं, फूल वाहिलं आणि हात जोडून काहीतरी पुटपुटत उभी राहिली. रांग खोळंबली, पोलीस पुढे झाला. मास्तरांनी त्याला थांबवलं. म्हातारी बटण दाबून बाहेर पडली, उंबऱ्याच्या पलीकडे गेली, मग ते स्वतः आत गेले आणि फूल उचलून खिशात टाकलं. ही गोष्ट सांगताना ते हसायचे नाहीत. "तिका वाटला थंय कोणतरी आयकता," म्हणायचे. "मी कशाक तिका नाय म्हणान सांगू?"

ते निवृत्त झाले त्यानंतरच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत दाजीशेट उभे राहिले. चिरेखाणींचे मालक, हातात चार अंगठ्या, बोलायला गोड. ते होडीतून पलतडीत आले, चिखलात उतरले आणि वाडीसमोर म्हणाले, "साकव देतो. पण मला अख्खी पलतड पाहिजे. निम्मी नको." त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पलतडीची मतं शाळेच्या वेगळ्या खोलीत, वेगळ्या यंत्रावर पडतात. मोजणीला आकडा वाडीच्या नावासकट समोर येतो.

मग वाडीनं नारळ ठेवायचं ठरवलं. ही आमच्याकडची जुनी रीत. राखणदाराच्या, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाच्या, झाडाखाली वाडी जमते, बाबल तात्या नारळ पुढे ठेवून त्याला गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक घरचा कर्ता त्या नारळावर हात ठेवून शब्द देतो. तो शब्द मोडला तर राखणदार बघून घेतो. ख्रिस्ती घरांनी झाडाखाली यायचं नाही, त्यांनी त्याच दिवशी खुरसाकडे मेणबत्ती लावायची. एका घराची एक मेणबत्ती, कर्त्यानं लावायची. दोन्हीचं वजन वाडीत सारखंच मानतात.

बाबल तात्या वाडीचे मानकरी. मास्तरांचे लहानपणापासूनचे सोबती, दोघांनी एकत्र खेकडे धरलेले. नारळावर हात ठेवून झाल्यावर तात्या मंडळी घेऊन खुरसाकडे आले. सगळ्या ख्रिस्ती घरांच्या मेणबत्त्या लागल्या होत्या. मास्तर आपल्या ओटीवर बसलेले होते.

"इनास, तुजी रवली," तात्या म्हणाले.

"माजी लागाची नाय."

"कित्याक? तुका साकव नको?"

"साकव व्हयो. माका तुज्यापेक्षा जास्त व्हयो, माजे गुडघे गेलेत."

"मग काय आडला?"

"तात्या, मी जन्मभर लोकांका पडद्याआड धाडलंय. आता मीच बाहेर वात लावन सांगू, मी कोणाक देतलंय ता?"

"अरे, एक मत तुजा. तेका एवढो पडदो?"

"एकच आसा म्हणान तर."

मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरांक दुसऱ्या पार्टीचो डबो मोठो गावलो आसतलो." थोडं हसू झालं. मास्तरही हसले. तात्या नाही हसले. ते वळून गेले.

दाजीशेट निवडून आले. पण पलतडीच्या यंत्रावर समोरच्या उमेदवाराला काही मतं निघाली. थोडीच, पण एका माणसाची नक्कीच नाहीत. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. वाडीत प्रत्येकाला ठाऊक होतं की नारळावर हात ठेवलेल्यांपैकी कोणीतरी, मेणबत्ती लावलेल्यांपैकी कोणीतरी, शब्द फिरवला आहे. पण ते तोंडातून काढणं म्हणजे शेजाऱ्यावर राखणदाराचा कोप बोलावणं. ते कोण करणार? शब्द न दिलेला एकच माणूस वाडीत होता. सगळी फुटलेली मतं त्याच्या एकट्याच्या अंगावर गेली.

दाजीशेटनी रस्ता काँक्रीटचा केला. तो गावाकडच्या धक्क्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. त्यांना कोणी विचारलं तर म्हणत, "पलतडीने शब्द कुठे पाळला?"

मास्तरांनी एवढंच सांगायला हवं होतं की मी दाजीशेटनाच दिलं. एका वाक्यात सुटले असते. तात्या एकदा एकटे त्यांच्याकडे आले होते. मी तेव्हा ओटीवरच होतो, सुट्टीत गेलो होतो. तात्या उभ्या उभ्याच म्हणाले, "इनास, माका एकट्याक सांग. मी कोणाक सांगूचंय नाय. तू दाजीक दिलंस काय नाय?"

मास्तर म्हणाले, "बस. च्या घे."

"च्या नको. सांग."

"तुका सांगलंय तर उद्या दुसरो येतलो. तेका नाय सांगलंय तर तो म्हणतलो, तात्याक सांगलंस. मग मी खंयसर थांबू?"

तात्या चहा न घेता गेले. आनमारी मावशी आतून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चाळीस वर्सां संसार केलंय. माका तरी खंय ठावक आसा? माका लोक इचारतत. मी काय सांगू, माजो घोव भिताडासारखो?" तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता.

वाडीनं त्यांना वाळीत टाकलं असं नाही. तसं आता कोणी करत नाही. होडीवाला त्यांना नेत होता, दुकानदार उधार देत होता. फक्त त्यांच्या खळ्यात संध्याकाळी येऊन बसणारे येईनासे झाले. नाताळात मावशी दरवर्षी घरोघरी नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, ताटं पाठवायची. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. त्या वर्षी सगळी ताटं घासून, पुसून, रिकामी परत आली. आमच्या घरचंसुद्धा. मी आईला विचारलं तर ती म्हणाली, "सगळ्यांनी तसाच केल्यानी." मावशीनं ताटं एकात एक घातली आणि फळीवर ठेवली. मास्तर भरती-ओहोटीचा तक्ता वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या निवडणुकीला बराच उशीर झाला, आणि दरम्यान तात्यांच्या सुनेची गोष्ट घडली. श्रावणातली दुपार, तिला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. पाणी फुगलेलं. होडी घालायला होडीवाला तयार होईना, मग तात्यांच्या मुलांनीच घातली. तिला खुर्चीत बसवून, खुर्ची दोरीनं बांधून. मास्तर धक्क्यावर होते, छत्री तिच्यावर धरून ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते, असं आई सांगते. पलीकडे काँक्रीटच्या रस्त्यावर रिक्षा उभी होती. सून वाचली. मूल नाही वाचलं.

तात्या त्याबद्दल मास्तरांना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं. मी दिवाळीत गेलो तेव्हा मास्तर मला म्हणाले, "तात्या माका शिवी पण घालना नाय." मग म्हणाले, "माज्यान साकव अडलो असा माका वाटना नाय. पण तेच्या सुनेक काय वाटता, ता माका ठावक नाय." मी म्हणालो, गुरुजी, तुमचं एक मत होतं. ते म्हणाले, "व्हय. पण सांगूचा काम माजा एकट्याचा होता."

मी त्यांना उलट बोललो नाही. मला शिकवलेलं सगळं त्यांच्याकडूनच आलेलं होतं.

निवडणूक आली. दाजीशेट आता दुसऱ्या पक्षात होते. त्यांची माणसं, त्यांची भाषा, त्यांचं आश्वासन, सगळं तेच होतं, फक्त झेंडा बदलला होता. ते पुन्हा होडीतून आले आणि म्हणाले, अख्खी पलतड पाहिजे. वाडी पुन्हा राखणदाराखाली जमली. मी घरी होतो. बाबल तात्यांचं गाऱ्हाणं मी लहानपणापासून ऐकत आलो, त्यांचा आवाज खाडीपलीकडे जायचा. त्या दिवशी शेजारी उभ्या माणसालाही तो जेमतेम ऐकू येत होता. नारळ झाला, मंडळी खुरसाकडे आली. मास्तर ओटीवर नव्हते. ते खुरसापाशी येऊन उभे होते, हातात मेणबत्ती. वारा होता, त्यामुळे दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्यांनी हाताचा आडोसा केला आणि ती पेटली. ती त्यांनी इतरांच्या रांगेत लावली. तात्या पायरीखाली उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

साकव पुढे झाला. त्याही वेळी पलतडीची सगळी मतं दाजीशेटना पडली नव्हतीच. पण ते थोडक्या मतांनी निवडून आले होते, त्यांना पुढच्यासाठी वाडी धरून ठेवायची होती, म्हणून काम सुरू केलं. या वेळी कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण सगळ्यांनीच शब्द दिला होता. साकवाचे खांब उभे राहत होते तेव्हा, त्याच पावसाळ्यात, मास्तर गेले. आज मी साकवावरून मोटारसायकल घेऊन जातो. साकव चांगला आहे. ते नाकारता येत नाही.

मी मास्तरांना शेवटचं पाहिलं ते त्या निवडणुकीच्या मतदानाच्या दिवशी. निवृत्त झाल्यापासून सकाळी पहिल्या होडीनं, वाडीचा घोळका निघायच्या आधी, ते एकटेच जाऊन मत देऊन यायचे. त्या दिवशी दुपार टळली तरी ते ओटीवरच होते. बाबल तात्या स्वतः न्यायला आले. मी त्यांच्याबरोबर होतो.

"इनास, चल. होडी लावलेली आसा. भरती उतरता."

"तुमी जावा."

"म्हणजे?"

"माजा मत दिवन झाला, तात्या. खुरसाकडे, सगळ्यांच्या समोर. आता पडद्याआड जावन मी काय करू?"

तात्या चिऱ्याच्या बैठकीवर त्यांच्या शेजारी बसले. कितीतरी वर्षांनी ते तिथे बसले होते. दोघं खाडीकडे बघत होते. तात्या हळूच म्हणाले, "माजो हात नारळावर होतो, तेवा माका सुनेचा तोंड दिसला. देवाचा नाय."

मास्तरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. होडीवाल्यानं धक्क्यावरून हाक मारली.

तात्या उठले. "आनमारी, तू तरी चल गो."

मावशी आधीच तयार होती. साडी बदललेली, चपला हातात. ती पायऱ्या उतरून तात्यांसमोर येऊन उभी राहिली.

"येतंय," ती म्हणाली. "पण मी कोणाक देतलंय, ता माका कोणी इचारूचा नाय."

तात्यांना कळलं नाही. "गो, पण घरची मेणबत्ती लागली मा?"

"ती ह्येंनी लावल्यानी. मी खंय लावलंय?"

ती पुढे चालू लागली. आम्ही तिच्या मागून गेलो. होडीत ती नाळेकडे, पुढच्या टोकाकडे, तोंड करून बसली, पदर कानांवरून घट्ट ओढून. होडी मधोमध आली तेव्हा मी मागे बघितलं. मास्तर ओटीवरून उतरून खाली माडाला हात टेकून उभे होते. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते तिच्या पाठीकडे बघत होते. तात्यांनी एकदा तिला काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत होडीत कोणी कोणाला काही विचारलं नाही.